स्वमग्नतेची चाळणी आणि वंशभेद : अचूकतेच्या आकड्यांची एक समीक्षा

मानसशास्त्रीय मापनात ‘अमुक साधन अचूक आहे’ असे विधान आपण सहज करतो. परंतु त्या विधानात दोन पक्ष गृहीत असतात. एक पक्ष साधनाचा. दुसरा, ज्याच्याशी ताडून त्या साधनाची परीक्षा केली त्या निकषाचा. वाण्याच्या मापाची तपासणी सरकारी मापाने होते, ती सरकारी माप खरे आहे या विश्वासावर. ते सरकारी मापच एका पेठेत पुरे आणि दुसऱ्या पेठेत उणे भरत असेल, तर दुसऱ्या पेठेतील वाण्याला दंड करण्यापूर्वी विचार करावा लागेल. लहान मुलांतील स्वमग्नता ओळखण्यासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या चाळणी-साधनांची अचूकता वंशपरत्वे बदलते, असा निष्कर्ष गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. तो निष्कर्ष कोणत्या निकषावर आधारलेला आहे, आणि त्यावरून साधनाविषयी नेमके काय म्हणता येते, याची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी ‘वंश’ या शब्दाविषयी खुलासा करणे अवश्य आहे. अमेरिकेतील शासकीय व वैद्यकीय नोंदींत गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, आशियाई असे जे वर्ग येतात ते सामाजिक वर्ग होत; माणूस किंवा त्याचे आईबाप स्वतःला ज्या वर्गात घालतात तो त्यांचा वर्ग. त्यांतून जीवशास्त्रीय जातीचा बोध होत नाही. म्हणून वंशपरत्वे पडणाऱ्या फरकाचे स्पष्टीकरण मुलांच्या शरीरात शोधण्यापूर्वी त्यांच्या घरापासून तज्ज्ञाच्या दारापर्यंतच्या वाटेत शोधावे, हेच शास्त्रीय पद्धतीला धरून होईल.

१

आज सर्वांत अधिक वापरात असलेले चाळणी-साधन म्हणजे ‘एम-चॅट’ ही प्रश्नावली. तिची पूर्वज ‘चॅट’ ही इंग्लंडमध्ये १९९२ साली सायमन बॅरन-कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिच्यात पालकांना विचारावयाच्या प्रश्नांच्या जोडीला आरोग्यसेविकेने स्वतः मूल पाहून भरावयाचा भाग होता. २००१ साली डायना रॉबिन्स, डेबोरा फाइन प्रभृतींनी अमेरिकेत तिचे रूपांतर केले, तेव्हा प्रत्यक्ष निरीक्षणाचा भाग वगळून केवळ पालकांनी उत्तरे द्यावयाचे २३ प्रश्न ठेवले. २०१४ साली आलेल्या सुधारित आवृत्तीत ते २० झाले. मूल बोट दाखवून वस्तू मागते काय, नाव घेतल्यावर वळून पाहते काय, लटका खेळ खेळते काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असून उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यावयाचे असते. सुधारित आवृत्तीत ० ते २ गुण आल्यास धोका कमी, ८ किंवा अधिक आल्यास थेट तज्ज्ञाकडे पाठवणी, आणि ३ ते ७ गुण आल्यास पालकांची अनुवर्ती मुलाखत, अशी व्यवस्था आहे. या मुलाखतीत प्रत्येक सदोष उत्तरामागचे प्रत्यक्ष वर्तन उदाहरणांसह विचारून घेतात. दीड वर्षाच्या व दोन वर्षांच्या वयाला प्रत्येक मुलाची अशी चाळणी व्हावी, ही अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीची २००७ पासूनची शिफारस आहे. उलटपक्षी, पालकांना काहीही शंका नसलेल्या मुलांची सरसकट चाळणी लाभदायक ठरते असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे, असा अभिप्राय तेथील प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१६ साली दिला.

अचूकतेच्या दोन संज्ञा पुढे वारंवार येणार आहेत. स्वमग्न मुलांपैकी जितकी साधनाने हेरली त्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे साधनाची ‘संवेदनशीलता’. साधनाने ज्यांच्याविषयी धोक्याची सूचना दिली त्यांपैकी जितकी खरोखर स्वमग्न निघाली त्यांचे प्रमाण म्हणजे ‘सूचनेची यथार्थता’. पहिली संख्या निसटलेल्या मुलांची वार्ता देते, दुसरी फोल सूचनांची. दोन्हींच्या व्याख्येत ‘खरोखर स्वमग्न’ हा शब्दप्रयोग दडलेला आहे, आणि सगळी अडचण तेथेच आहे.

२

२०१४ च्या मूळ अभ्यासात १६,०७१ बालकांची चाळणी झाली. अनुवर्ती मुलाखतीनंतरही ज्यांच्याविषयीची धोकासूचना कायम राहिली, त्यांच्यात स्वमग्नता निघण्याची शक्यता शेकडा ४७.५ होती. हे प्रमाण चांगले असले, तरी चाळणीतून निर्दोष ठरलेल्या मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतल्याशिवाय किती मुले निसटली हे कळत नाही. ती उणीव २०१९ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाच्या दवाखान्यांतून झालेल्या अभ्यासाने बऱ्याच अंशी भरून काढली. व्हिटनी गुथरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५,९९९ मुलांच्या नोंदी तपासल्या आणि ती मुले ४ ते ८ वर्षांची होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. सुमारे ९१ टक्के मुलांची चाळणी झालेली होती. संवेदनशीलता मात्र शेकडा ३८.८ आणि सूचनेची यथार्थता शेकडा १४.६ एवढीच भरली. म्हणजे पुढे ज्यांना स्वमग्नतेचे निदान मिळाले, अशा दर १०० मुलांपैकी सुमारे ६१ मुलांना चाळणीने निर्धोक ठरविले होते. शिवाय, समाजात पूर्वापार मागे राहिलेल्या वर्गांतील मुलांच्या बाबतीत चाळणीचे प्रमाण आणि चाळणीची अचूकता या दोहोंत विषमता आढळली.

पुढच्याच वर्षी पॉल कार्बोन प्रभृतींनी यूटा राज्यातील ३६,२३३ बालकांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे ७३ टक्के मुलांची चाळणी झाली होती. संवेदनशीलता शेकडा ३३.१ व यथार्थता शेकडा १७.८ आली. हिस्पॅनिक मुलांची चाळणी होण्याचे प्रमाण काहीसे कमी होते, आणि अनुवर्ती मुलाखत डॉक्टर मंडळी बहुधा घेतच नव्हती. दोन भिन्न प्रदेशांत, भिन्न संशोधकांना इतके जवळचे आकडे मिळावेत, यावरून दवाखान्याच्या नित्य व्यवहारात हे साधन आपल्या कीर्तीपेक्षा बरेच कमी काम करते एवढे निश्चित होते.

या अभ्यासांचे मोल मोठे आहे. निर्दोष ठरलेल्या मुलांनाही त्यांनी हिशेबात धरले, आणि संशोधनकेंद्राच्या कृत्रिम शिस्तीत न अडकता रोजच्या दवाखान्यातील व्यवहार मोजला. परंतु त्यांच्यातील ‘खरोखर स्वमग्न’ मूल म्हणजे, ज्याच्या वैद्यकीय नोंदीत अमुक वयापर्यंत स्वमग्नतेचे निदान उमटले ते मूल. हजारो मुलांच्या अभ्यासात याहून वेगळा मार्ग सहज उपलब्ध नसतो, हे मान्य करावयास हवे. एकूण मुलांविषयी बोलताना हा निकष कदाचित चालेलही. वंशपरत्वे तुलना करू लागताच मात्र तो चालेल काय, हा प्रश्न उभा राहतो. कारण निदान नोंदीत उमटण्याची संधीच सर्व वंशांना सारखी नसेल, तर तुलनेत साधनाचा दोष आणि नोंदीचा दोष एकमेकांत मिसळून जातात.

३

हा मुद्दा कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. दोन वस्त्या आहेत असे समजू. प्रत्येकीत १,००० बालके असून त्यांपैकी २० स्वमग्न आहेत. साधन दोन्ही वस्त्यांत तंतोतंत सारखे वागते. ते २० पैकी १२ मुलांना हेरते, ८ मुलांना सोडते, आणि स्वमग्न नसलेल्या ४८ मुलांविषयी फोल सूचना देते. अर्थात प्रत्येक वस्तीत एकूण ६० सूचना.

पहिल्या वस्तीत तज्ज्ञ हाताशी आहेत, विमा आहे, पालकांचे म्हणणे ऐकून घेतले जाते. तेथे हेरलेल्या १२ आणि सुटलेल्या ८ अशा सर्व २० मुलांना यथाकाल निदान मिळते. संशोधकाला तेथे संवेदनशीलता शेकडा ६० आणि सूचनेची यथार्थता शेकडा २० मिळेल. हे आकडे वस्तुस्थितीला धरून आहेत.

दुसऱ्या वस्तीत तज्ज्ञाची भेट मिळण्यास दीर्घ काळ लागतो. हेरलेल्या १२ मुलांपैकी ६ मुलेच निदानापर्यंत पोहोचतात. जी ८ चाळणीतून सुटली, त्यांच्या बाबतीत तर डॉक्टरांनीच ‘चिंतेचे कारण नाही’ असे सांगितलेले असल्यामुळे केवळ १ मूल निदान घेऊन येते. नोंदीप्रमाणे या वस्तीत स्वमग्न मुले ७. त्यांपैकी ६ साधनाने हेरली होती, म्हणून संवेदनशीलता शेकडा ८६ दिसेल. आणि ६० सूचनांपैकी ६ खऱ्या निघाल्या, म्हणून यथार्थता शेकडा १० दिसेल.

साधन एकच, वर्तन एकच, तरी दोन वस्त्यांत त्याचे चारित्र्य निराळे भासते. दुसऱ्या वस्तीत ते अधिक जागरूक आणि अधिक अविश्वसनीय वाटते, आणि ही दोन्ही विशेषणे असत्य आहेत. जागरूकता वाढलेली दिसली, कारण निसटलेली मुले कोणी मोजलीच नाहीत. अविश्वसनीयता वाढलेली दिसली, कारण खऱ्या सूचनाही निदानाअभावी फोल गणल्या गेल्या.

आता या आकड्यांवर विसंबून एखाद्या सद्भावनाशील संशोधकाने उपाय सुचविला की, दुसऱ्या वस्तीत फोल सूचना फार येत असल्यामुळे तेथे धोक्याची गुणमर्यादा वाढवावी. उपाय वाजवी वाटेल. परंतु मर्यादा वाढताच १२ पैकी काही मुले आणखी सुटतील. सुटलेली मुले नोंदीत येण्याची शक्यता सर्वांत कमी, म्हणून ही नवी हानी पुढच्या अभ्यासातही दिसणार नाही. सूचनांची संख्या घटल्यामुळे यथार्थता तेवढी सुधारलेली दिसेल आणि दुरुस्ती यशस्वी झाली असा अहवाल लिहिला जाईल. अचूकतेच्या आकड्यांचा अर्थ लावण्यात चूक झाल्यास तिची किंमत अशा रीतीने त्याच मुलांना मोजावी लागेल, ज्यांच्या हितासाठी तुलना आरंभिली होती. या विषयाचे गांभीर्य येथे आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ‘फोल’ हा शब्दही जपून वापरावयास हवा. २०१४ च्या अभ्यासात अंतिम धोकासूचना मिळालेल्या मुलांपैकी शेकडा ९४.६ मुलांत स्वमग्नता किंवा विकासविषयक दुसरी काही उणीव वा चिंतेची बाब आढळली होती. स्वमग्नता नसली तरी त्या मुलांना मदतीची गरज होतीच. आकडेशास्त्राच्या कोष्टकात जी सूचना फोल ठरते, ती बालकाच्या दृष्टीने फोल असतेच असे नाही.

४

वरील दुसरी वस्ती केवळ कल्पनेतली आहे काय? उपलब्ध पुरावा तसे म्हणू देत नाही. २००२ साली डेव्हिड मँडेल व सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातच, शासकीय वैद्यकीय साहाय्यास पात्र असलेल्या मुलांविषयी दाखवून दिले की गोऱ्या मुलांना स्वमग्नतेचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी मिळे, तर कृष्णवर्णीय मुलांना ७.९ व्या वर्षी. दोन्ही गटांतील मुले एकाच साहाय्य-योजनेखालची होती, तरी हे अंतर होते. २०२० साली जॉन कॉन्स्टँटिनो प्रभृतींनी ५८४ आफ्रिकन-अमेरिकन स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदानाचे सरासरी वय ६४.९ महिने निघाले, आणि पालकांना पहिली शंका आल्यापासून निदानापर्यंत सरासरी ४२.३ महिने गेले होते. साडेतीन वर्षांचा हा काळ पालकांच्या अज्ञानामुळे गेला असे म्हणता येत नाही, कारण शंका त्यांनाच आली होती. मुलाच्या चौथ्या वाढदिवसाला नोंदवही बंद करणारा अभ्यासक अशा मुलाला स्वमग्न नसलेल्यांत मोजणार हे उघड आहे.

दुसरा पुरावा रोगप्रमाणाच्या राष्ट्रीय गणनेतून मिळतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सर्वेक्षण-जाळ्यात आठ वर्षांच्या मुलांतील स्वमग्नतेचे प्रमाण ठरावीक ठिकाणांहून मोजले जाते. २०१४ च्या गणनेत दर हजारी प्रमाण गोऱ्या मुलांत १७.२, कृष्णवर्णीय मुलांत १६.० आणि हिस्पॅनिक मुलांत १४.० होते. २०२० च्या गणनेत, जी २०२३ साली प्रसिद्ध झाली, गोऱ्यांत २४.३, कृष्णवर्णीयांत २९.३, हिस्पॅनिकांत ३१.६ आणि आशियाई व प्रशांत द्वीपवासी मुलांत ३३.४ असे आकडे आले. सहा वर्षांत क्रम उलटला. मुलांच्या मेंदूची घडण सहा वर्षांत वंशावंशाने अशी बदलत नाही. बदलली ती मुलांना ओळखण्याची आणि नोंदण्याची व्यवस्था. ज्या काळात निकषच चालता होता, त्या काळातील नोंदींवरून काढलेले वंशवार अचूकतेचे आकडे हे स्थिर सत्य मानणे धोक्याचे आहे.

याच २०२० च्या गणनेत आणखी एक गोष्ट दिसते. स्वमग्न ठरलेल्या व बुद्धिमापन उपलब्ध असलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी ५०.८ टक्के मुलांत बौद्धिक अक्षमताही नोंदलेली होती. गोऱ्या मुलांत हे प्रमाण ३१.८ टक्के होते. या फरकाचा एक संभाव्य अर्थ असा की, बुद्धी शाबूत असलेली, बोलू शकणारी कृष्णवर्णीय स्वमग्न मुले अद्याप पुरेशी ओळखली जात नाहीत. त्यांच्यात ठळक लक्षणांची मुले तेवढी निकषात आली असतील, तर त्या गटात साधनाला सोपी मुले हेरावयाची मिळाली. आणि मग तेथील संवेदनशीलता पुन्हा फुगलेली दिसणार.

निवडीमुळे वस्तुस्थितीचा भास पालटतो हा अनुभव या विषयाला नवा नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोर येथून ज्या ११ मुलांचे वर्णन केले, त्यांच्या घरांपैकी तीन वगळता सर्व घरांतील मंडळी अमेरिकेतील नामवंतांच्या किंवा शास्त्रज्ञांच्या चरित्रकोशांत नोंदलेली होती. दोन दांपत्ये ज्यू आणि बाकीची अँग्लो-सॅक्सन होती. त्या शहरात त्या काळी सुमारे पंचमांश वस्ती कृष्णवर्णीय होती. त्यांतले एकही मूल या अकरांत नाही. पुढे कित्येक वर्षे स्वमग्नता हा सुशिक्षित, उच्चमध्यमवर्गीय घरांचा विकार मानला गेला. एरिक शॉपलर व सहकाऱ्यांनी १९७९ साली आणि लॉर्ना विंग यांनी १९८० साली या समजुतीची तपासणी करून, वर्गभेदाचा हा देखावा बव्हंशी निवडीतून निर्माण होतो हे दाखविले. विशिष्ट घरांतील मुलेच विशिष्ट तज्ज्ञांपर्यंत पोहोचत होती. वर्गाच्या बाबतीत जो धडा विद्वानांनी चाळीस वर्षांपूर्वी शिकविला, तो वंशवार अचूकतेच्या चर्चेत पुन्हा आठवावयास हवा.

५

याचा अर्थ साधन निर्दोष आहे असा काढता येणार नाही. निकष सदोष आहे म्हणून साधनाला सोडून देणे ही उलट दिशेची चूक होईल. ‘एम-चॅट’च्या घडणीतच भेदाला वाव देणारी स्थळे आहेत.

पहिले स्थळ उत्तराच्या स्वरूपात आहे. सुधारित आवृत्तीतील २० प्रश्नांपैकी १७ प्रश्नांना ‘नाही’ हे उत्तर धोक्याचे, आणि केवळ ३ प्रश्नांना ‘होय’ हे धोक्याचे. आता डॉक्टरपुढे संकोचाने किंवा आपल्या मुलाला कोणी नाव ठेवू नये या भावनेने ‘होय, करतो’ असे म्हणण्याकडे ज्या पालकांचा कल असेल, त्यांचे मूल चाळणीतून अलगद निघून जाईल. याउलट, प्रश्नाचा रोख न कळल्यामुळे किंवा मूल ती गोष्ट कधीमधीच करते म्हणून जे ‘नाही’ लिहितील, त्यांच्या मुलाविषयी निष्कारण सूचना येईल. त्यामुळे एकाच समाजगटात निसटती मुले आणि फोल सूचना दोन्ही वाढू शकतात, आणि सरासरीत हे दोन दोष परस्परांना झाकूही शकतात.

दुसरे स्थळ भाषेचे व संगोपनाच्या रीतीचे. बोट दाखविणे, मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडविणे, खोटेखोटे जेवण वाढणे या कृतींना सर्व घरांत सारखा वाव व सारखे उत्तेजन मिळत नाही. प्रश्नावलीचा अनुवाद शब्दशः बिनचूक असूनही प्रश्नाचा भार बदलू शकतो. येथे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण घेता येईल. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मूल अमेरिकन कोष्टकात ‘आशियाई’ या एकाच रकान्यात चिनी, व्हिएतनामी, गुजराती मुलांच्या शेजारी बसते. त्या रकान्यातील अचूकतेचा एक आकडा यांपैकी कोणत्या घराविषयी बोलतो, हे तो आकडा सांगू शकत नाही.

तिसरे स्थळ अनुवर्ती मुलाखतीचे, आणि आपल्या मते सर्वांत महत्त्वाचे. प्रश्नाचा चुकीचा अर्थ, संकोच, अर्धवट आठवण या सर्वांची दुरुस्ती करण्यासाठीच ही मुलाखत योजलेली आहे. ती गाळली की साधन अर्धे राहते. यूटामध्ये ती सर्रास गाळली जात होती. ज्या पालकांची घरची भाषा इंग्रजी नाही किंवा ज्यांचे शिक्षण थोडे आहे, त्यांना या दुरुस्तीची गरज सर्वांत अधिक; म्हणून मुलाखत गाळण्याचा भारही त्यांच्यावर सर्वांत अधिक पडणार. अशा वेळी ‘साधन या गटात कमी अचूक आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘या गटात साधन पुरे वापरले गेले नाही’ असे लिहिणे अधिक यथातथ्य ठरेल.

मात्र ही मुलाखत सर्वच दोष दूर करील अशी अपेक्षा धरू नये. ३ ते ७ गुण मिळालेल्यांनाच ती घ्यावयाची असल्यामुळे ती फोल सूचना कमी करते. ज्या पालकांनी संकोचाने सर्वत्र ‘होय’ म्हटले त्यांच्या दारात ती जातच नाही. निसटत्या मुलांसाठी पुन्हा चाळणी करणे आणि चाळणी निर्दोष आली तरी पालकांची शंका प्रमाण मानणे, हे उपाय त्याहून अधिक उपयोगी पडतील.

६

मग साधनाचा दोष आणि निकषाचा दोष वेगळे कसे करावयाचे? एक मार्ग पदविश्लेषणाचा आहे. लक्षणांची तीव्रता सारखी असलेली दोन वंशांतील मुले घेऊन एखाद्या प्रश्नाला त्यांची उत्तरे पद्धतशीर भिन्न येतात काय, हे त्यात पाहतात. तज्ज्ञाने मुलाबरोबर खेळून निरीक्षण करावयाच्या ‘एडॉस’ या प्रमाणित पद्धतीवर असे काम झाले आहे. ल्यूथर काल्ब प्रभृतींच्या २०२२ च्या अभ्यासात वंशानुसार पक्षपात फारसा आढळला नाही. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. तथापि तो तज्ज्ञाच्या खोलीपर्यंत पोहोचलेल्या मुलांपुरता आहे. जी दारातून परतली, त्यांच्याविषयी तो मौन बाळगतो.

दुसरा व अधिक निर्णायक मार्ग खर्चाचा आहे. प्रत्येक वंशगटातून चाळणीत सदोष ठरलेली सर्व मुले आणि निर्दोष ठरलेल्या मुलांचा यदृच्छ नमुना घ्यावा. चाळणीचा निकाल ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी त्या सर्वांची परीक्षा करावी. आणि नोंदवहीतील निदानाऐवजी ही परीक्षा निकष मानावी. असा शोध घेतला असता चित्र किती पालटते, याचे उदाहरण दक्षिण कोरियातील गोयांग येथील २०११ च्या अभ्यासात आहे. शाळकरी वयाच्या सर्व मुलांत शोध घेतल्यावर प्रमाण शेकडा २.६४ निघाले, आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुले साध्या शाळांत, निदानाविना शिकत होती. भारतात नरेंद्र अरोरा प्रभृतींनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर गोव्यासह पाच प्रदेशांतील २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली. तेथे दवाखान्यातील जुन्या नोंदींवर विसंबण्याऐवजी मुलांचीच परीक्षा केली गेली, ही त्या अभ्यासाची पद्धती अनुकरणीय आहे.

अलीकडे यंत्राच्या साहाय्याने चाळणी करण्याचे प्रयत्न होत आहेत. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली बालकाची नजर व हालचाल टिपणाऱ्या एका साधनाची परीक्षा ४७५ बालकांवर केली. संवेदनशीलता शेकडा ८७.८ आली, आणि निरनिराळ्या वंशांत निकाल सुसंगत असल्याचे सांगण्यात आले. पालकांच्या उत्तरांवरचे अवलंबन टळते हा त्यातील मोठा गुण होय. परंतु त्या ४७५ पैकी स्वमग्न मुले ४९ होती. ती वंशवार विभागली की काही गटांच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उरतात. एवढ्या संख्येवर ‘फरक आढळला नाही’ असे म्हणता येते. ‘फरक नाही’ असे म्हणता येत नाही. शिवाय, यंत्राला जे निदान उत्तर म्हणून शिकविले जाईल, त्यातील विषमता ते यंत्र निमूटपणे गिरवील, ही भीती राहतेच.

आपल्याकडील विद्यार्थ्यांनी या चर्चेतून काय घ्यावे? अमेरिकेतील वंशवार कोष्टके आपल्याला लागू नाहीत, परंतु त्यांतील तर्कदोष आपल्याकडेही सहज होऊ शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले, आणि प्रमाणपत्रासाठी ४० पदांची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. उद्या कोणी एखाद्या चाळणी-साधनाची अचूकता शहर व खेडे, मराठी व कोरकू, शिकलेल्या व न शिकलेल्या माता अशा भेदांनी तपासू लागला आणि निकष म्हणून अशा प्रमाणपत्रांची नोंद घेतली, तर ज्या घरांना जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-चार खेपा घालणे परवडले नाही, त्यांच्या मुलांविषयीच्या खऱ्या सूचना कोष्टकात फोल म्हणून उतरतील.

सारांश, फिलाडेल्फिया व यूटा येथील अभ्यासांनी चाळणीच्या नित्य व्यवहारातील दुर्बलता निर्विवाद सिद्ध केली. वंशपरत्वे आढळलेली विषमताही खरी आहे. ती विषमता साधनात किती, मुलाखत गाळण्यात किती आणि निदान न मिळण्यात किती, ही वाटणी मात्र त्या आकड्यांतून होत नाही. ती होईपर्यंत गुणमर्यादा वंशवार वरखाली करण्याचे उपाय थांबवावेत. अनुवर्ती मुलाखत पुरी करणे आणि सूचना मिळालेल्या प्रत्येक मुलाला वेळेवर तज्ज्ञापर्यंत पोहोचविणे हे दोन उपाय मात्र थांबवावयाचे कारण नाही; वाटणी कशीही निघाली, तरी ते उपयोगीच ठरणार आहेत. आणि वंशवार अचूकतेचा प्रत्येक नवा आकडा वाचताना अभ्यासकाने पहिला प्रश्न असा विचारावा की, या कोष्टकात ‘स्वमग्न नाही’ म्हणून मोजलेल्या मुलांना कोणी प्रत्यक्ष पाहिले होते काय.